गाडीवर बसून चाळीस मिनिटं

पत्र थोडं कापून देतेय, गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढलंय:

"ताई, वय ३७. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, एमआयडीसीत सुपरवायझर आहे. रोज एक क्वार्टर, शनिवारी दीड, कधी दोन. कामावर कधी पिऊन गेलो नाही, बायकोवर हात उचलला नाही, सकाळी पीत नाही. फक्त सकाळी दहा-अकरापर्यंत हात थरथरतात, सही नीट येत नाही. मागच्या महिन्यात घरी आलो तर नऊ वर्षांच्या मुलीने टीपॉयवर पाण्याचा जग, ग्लास आणि शेंगदाण्याची वाटी आधीच आणून ठेवलेली. कुणी सांगितलं नव्हतं, गाडीचा आवाज ऐकून आणलं. त्या दिवशी पण प्यालोच. दुसऱ्या दिवशी फोनवर शोधलं, एए (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) ची मीटिंग गुरुवारी संध्याकाळी ७ ला नगरपालिकेच्या शाळेत असते. गेलो. समोर गाडीवर चाळीस मिनिटं बसून होतो. तेवढ्यात आमच्या पतसंस्थेचा क्लार्क आत जाताना दिसला, मी गाडी वळवली ती सरळ दुकानात. लोकांना कळलं तर? आणि खरं सांगायचं तर तिथली माणसं आणि मी एकच आहोत असं वाटत नाही. शिवाय मी कॉलेजात अंनिसचं काम केलेला माणूस, तिथे देवाचं बोलतात म्हणे. सोमवारपासून एकट्याने बंद केली तर नाही का चालणार? आईने कुठून तरी भाजीत टाकायची पुडी आणलीय, बायको म्हणते एकदा देऊन बघू. – गाडीवाला"

गाडीवाल्या, तू माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान आहेस म्हणून सरळ अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आधी पुडी. ती आजच्या आज कचऱ्यात टाका. आईवर ओरडू नकोस, तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून जीव तुटून आणलीय, पण टाका. अशा पुडीत काय असतं ते वरच्या कागदावर लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाची एक गोळी आहे, डॉक्टर देतात, ती पोटात असताना वर दारू गेली की चेहरा लाल होतो, छातीत धडधड, ओकाऱ्या, बीपी खाली येतं आणि क्वचित जीवावरही बेततं. म्हणूनच डॉक्टर ती पेशंटला नीट समजावून, त्याची संमती घेऊन देतात. आता हेच कुणी भाजीत गुपचूप कालवलं तर तू बिचारा नेहमीसारखा जेवायच्या आधी-नंतर क्वार्टर मारणार आणि काय होतंय ते कुणालाच कळणार नाही. बायकोला हे वाचून दाखव.

आता सोमवार. सकाळी हात थरथरतात हे तू "फक्त" लावून लिहिलंयस, ते फक्त नाहीये. शरीराला रोजच्या दारूची सवय झालीय आणि रात्रभर मिळाली नाही म्हणून ते कुरकुरतंय. अशा माणसाने एकदम शून्यावर आणली तर पहिल्या दिवसातच घाम, बेचैनी, झोप नाही, कापरं सुरू होतं, काहींना पहिल्या दोन दिवसात आकडी येते, आणि थोड्या जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास भास व्हायला लागतात, आपण कुठे आहोत तेच कळत नाही, ताप येतो. ही शेवटची अवस्था हॉस्पिटलातच सांभाळायची, घरी लिंबूपाणी देऊन नाही. सगळ्यांना होतं असं नाही, तुला होईलच असंही नाही, पण हात थरथरतात म्हटल्यावर मी तरी जुगार खेळणार नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, नाहीतर जिल्ह्याच्या सिव्हिलला मानसिक आरोग्याचा विभाग असतो तिथे जा, रोज किती पितो ते खरं सांग (आपण सगळे डॉक्टरला निम्मं सांगतो, तू पूर्ण सांग), ते काही दिवसांसाठी कमी-कमी होत जाणाऱ्या गोळ्या आणि बी-वन व्हिटॅमिन वगैरे देतील. हे डॉक्टरला भेटेपर्यंत घरच्या घरी "आजपासून बंद" करू नकोस. हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय, पण बरोबर आहे. आणि भेटायला महिना लावू नकोस, याच आठवड्यात जा.

एए वाले औषध देत नाहीत, ते त्यांचं कामच नाही. डॉक्टर शरीरातली दारू उतरवून देतो, पण संध्याकाळी साडेसात वाजले की काय करायचं हे डॉक्टरला सांगता येत नाही. ते मीटिंगमधे कळतं. म्हणजे दोन्ही हवं, यातलं एक निवडायचं नाहीये.

आता तुझा खरा प्रश्न, लोकांना कळलं तर.

तो पतसंस्थेचा क्लार्क आत कशाला गेला होता, रे? कर्जवसुलीला?

चाळीस मिनिटं गाडीवर बसून तुझ्या डोक्यात हे आलंच नाही याचं मला नवल नाही वाटलं, भीती वाटली की माणसाला समोरचं दिसत नाही. तो तुझ्यासारखाच पिणारा आहे किंवा होता, आणि तुला बघून तोही तेवढाच दचकला असता. तिथे जे बघितलं, जे ऐकलं, ते तिथेच ठेवायचं हा तिथला पहिला नियम, आणि तो पाळला जातो याचं कारण लोक फार सज्जन असतात हे नाही, तर प्रत्येकाचं गुपित दुसऱ्याच्या खिशात असतं.

आणि एक सांगू का, तुझी दारू गुप्त नाहीये. वाईन शॉपवाल्याला माहितीये, शेंगदाणे-फरसाण देणाऱ्याला माहितीये, रिकाम्या बाटल्या नेणाऱ्या भंगारवाल्याला तर क्वार्टरचा हिशोब तुझ्यापेक्षा चांगला माहितीये. कंपनीत सकाळची वाकडी सही बघणाऱ्या शिफ्ट इनचार्जला माहितीये. तुझ्या नऊ वर्षांच्या पोरीला गाडीच्या आवाजावरून माहितीये. सगळ्या गावाला तू पितोस हे कळलेलं चालतं, आणि तू सोडायला जातोस हे एका क्लार्कला कळलेलं चालत नाही, हा आपल्याकडचा हिशोब मला आजवर कळलेला नाही. दुकानात जाताना तू चाळीस मिनिटं विचार केलास का?

तरी भीती ती भीतीच, तिला वाद घालून पळवता येत नाही. तर दुसऱ्या गावच्या मीटिंगला जा. सातारा, कराड, पुण्याकडे ग्रुप शोध, कुणी विचारत नाही कुठून आलास, आमच्या इथे एक जण लांबच्या गावाहून एसटीने यायचा, कारण त्याच्या गावात त्याचं स्वतःचं मेडिकल दुकान होतं. किंवा ऑनलाइन. २०२० च्या लॉकडाऊनमधे शाळा-चर्चचे हॉल बंद झाले तेव्हा झूमवर मीटिंगा सुरू झाल्या, त्यातल्या बऱ्याच टिकल्या, मराठीत आहेत, हिंदीत आहेत, फक्त बायकांच्याही आहेत. कॅमेरा बंद ठेव, नाव काहीही टाक, ऐक. फक्त माझं मत असं की ऑनलाइन हे पायरी म्हणून ठीक आहे, तिथेच मुक्काम नको, कारण कॅमेरा बंद करून ग्लास हातात घेऊन मीटिंग ऐकणारे पण मी ऐकून आहे.

शोधायचं कसं हे तुला जमलंच आहे, पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी. एए च्या भारतातल्या वेबसाइटवर शहरवार मीटिंगांची यादी असते, त्यात वार, वेळ, भाषा, जागा, आणि एखादा हेल्पलाइन नंबर असतो. तो नंबर फिरवला की बहुतेक वेळा एखादा मेंबरच उचलतो, कॉल सेंटर नाही. यादीतली वेळ कधी कधी जुनी असते म्हणून जायच्या आधी फोन केलेला बरा, बंद शाळेसमोर उभं राहून परत फिरणं म्हणजे प्यायला आयतं निमित्त. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट. भरती होऊन उपचार घ्यायचे असतील तर पुण्यात मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मधे सुरू केलेलं, मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मधे सुरू केलेली कृपा फाउंडेशन आहे. अशा ठिकाणी फोन केला तर ते तुझ्या जवळचा ग्रुप पण सांगू शकतात.

आता "ती माणसं आणि मी एकच नाही".

आमच्या ह्यांनी पण हेच म्हटलं होतं. २००९ साली पहिल्यांदा गेले, मुंबईच्या एका उपनगरात, तीही महापालिकेचीच शाळा. घरी येऊन म्हणाले, सगळे बेवडे आहेत गं तिथे, एक जण रेल्वे स्टेशनवर झोपायचा म्हणे, माझं कुठे तसं आहे. आणि त्या रात्री चांगली हाफ संपवली, आपण किती बरे आहोत या आनंदात. दुसरी मीटिंग तीन महिन्यांनी. मधल्या तीन महिन्यात काय काय झालं ते इथे लिहीत नाही, एवढंच की दुसऱ्या वेळी त्यांना स्टेशनवर झोपणाऱ्या माणसाचं ऐकताना झोपण्याची जागा ऐकू आली नाही, तो म्हणाला की मी बायकोला रोज सांगायचो उद्यापासून बंद, आणि सांगताना ते खरंच असायचं, हे ऐकू आलं.

तर मीटिंगमधे फरक मोजायला बसलास तर भरपूर सापडतील. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणी रिटायर्ड मास्तर, कुणी रिक्षावाला, कुणी डॉक्टर. तू सारखं काय आहे ते ऐक. आणि तुझी ती "फक्त एक क्वार्टर" जरा मोजून बघू. १८० मिली, आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ६० ग्रॅम. रोज. शनिवारी दीड-दोन पट. सकाळी पीत नाहीस हे खरं, पण सकाळी हात काय मागतायत ते तुला माहितीये.

तू बेवडा आहेस की नाही हे मी ठरवत नाही, आणि तिथेही कुणी ठरवत नाही. मेंबर व्हायला अट एकच आहे, दारू थांबवायची इच्छा. थांबलेली असण्याची पण अट नाही. फॉर्म नाही, फी नाही, आधार कार्ड नाही. शेवटी एक टोपी किंवा डबा फिरतो, त्यात दहा-वीस रुपये टाक नाहीतर टाकू नकोस, पहिल्यांदा आलेल्याला तर बरेचदा नकोच म्हणतात. बाहेरच्यांकडून देणगी ते घेतच नाहीत, खोलीचं भाडं आणि चहा त्या डब्यातूनच निघतो.

देवाचं. हा प्रश्न तू विचारलास ते बरं केलंस, कारण बरेच शिकलेले लोक याच दगडाला ठेच लागून परत जातात. हो, एए च्या बारा पायऱ्यांमधे (दारू सोडायच्या त्यांच्या कार्यक्रमात) ईश्वर हा शब्द आहे, सुरुवातीला किंवा शेवटी प्रार्थना असते, हे मी लपवत नाही. पण सोबत "ज्याला जसा समजला तसा" हेही लिहिलेलं आहे, आणि लोक ते खरंच तसं वापरतात. कुणाचा विठोबा, कुणाचा येशू, आमच्या ग्रुपमधल्या एका कॉम्रेडचा तर तो ग्रुपच देव होता, म्हणायचा माझ्या एकट्यापेक्षा हे पंधरा जण जास्त ताकदवान आहेत एवढं मला दिसतंय, पुढचं मला माहीत नाही. प्रार्थनेच्या वेळी गप्प उभा राहिलास तर कुणी तुझ्या ओठांकडे बघत नाही. तरी घशाखाली उतरत नसेल तर तुझ्याच जिल्ह्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंनिसच्या बरोबरीने साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं, तिकडे विचार. अंनिसचा माणूस म्हणून तुला हे आधीच माहीत असणार आणि तरी तू तिकडे गेला नाहीस, म्हणजे अडचण देवाची नसावी असा मला आपला संशय आहे.

पुरावा पाहिजे असेल तर तोही आहे. २०२० मधे कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २७ अभ्यास एकत्र तपासले, दहा हजारांहून जास्त लोकांचे. ज्या उपचारात माणसाला पद्धतशीरपणे एए शी जोडून दिलं जातं, त्यातले लोक वर्षभर पूर्ण कोरडे, म्हणजे दारूशिवाय, राहण्याचं प्रमाण इतर नावाजलेल्या मानसोपचारांपेक्षा जास्त निघालं. म्हणजे नुसतं एकदा जाऊन येण्याबद्दल ते बोलत नाहीयेत, जोडून घेण्याबद्दल बोलतायत. जादू नाहीये. आमच्या ह्यांच्याबरोबर पहिल्या वर्षी आलेल्यातले कितीतरी परत दिसले नाहीत, आणि हे स्वतः २०११ मधे गणपतीत स्लिप झाले, म्हणजे परत प्याले, दोन वर्षं कोरडं राहून. परत गेले तर कुणी काही बोललं नाही, चहा दिला. मी मात्र घरी बरंच बोलले होते.

हे सगळं चालतं का, याची एक गोष्ट सांगते, मला ती आवडते. १९३५ मधे अमेरिकेत अक्रन नावाच्या गावात न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल धंद्याच्या कामाला आला, काम फिसकटलं, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, एका बाजूला बारमधला आवाज. काही महिने झाले होते त्याला सोडून. त्याला वाटलं आता गेलो. तर त्याने काय केलं, फोन उचलला आणि चर्चवाल्यांना फोन लावत सुटला की मला या गावातला दुसरा एखादा दारुडा भेटवा, मला त्याच्याशी बोलायचंय. त्या दारुड्याला सुधारायला नाही हं, स्वतः पिऊ नये म्हणून. असा त्याला एक सर्जन भेटला, त्याचेही हात थरथरायचे. त्या डॉक्टरने १० जूनला शेवटचं प्यालं, तोच एए चा वाढदिवस मानतात. भारतात ते १९५७ मधे आलं. हे का सांगतेय तर तू त्या खोलीत शिरलास की तुला वाटेल आपण यांच्यावर उपकाराचं ओझं घालतोय, यांच्या वेळेत घुसलोय. उलटं आहे. त्या क्लार्कला तू हवा आहेस. नवीन माणूस आला की जुन्यांना आपला पहिला दिवस आठवतो, आणि ते त्यांचं औषध आहे.

आता आत काय होतं. लहान मुलांचे बाक असतील, गुडघे वर येतात, भिंतीवर पाढे आणि सुविचार. किंवा सतरंजी. दहा-पंधरा माणसं, छोट्या गावात चार-पाच पण असतात. एक जण मीटिंग चालवतो, काहीतरी वाचतात, मग एकेक जण उठून स्वतःचं नाव, फक्त पहिलं नाव, आणि मी दारुडा आहे असं म्हणून आपलं सांगतो, पाच-सात मिनिटं. याला शेअरिंग म्हणतात. मधे कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही, हे आपल्या लोकांना किती अवघड जातं विचार कर, पण पाळतात. तुझी पाळी आली तर "आज फक्त ऐकायला आलोय" म्हण, संपलं. काही शेअरिंग कंटाळवाणं असतं, तेच तेच असतं, एखादा वीस वर्षं कोरडा असलेला माणूस स्वतःच्या प्रेमात पडलेला असतो, सोडून दे. शेवटी चहा आणि बिस्किट. माझ्या मते खरी मीटिंग चहाच्या वेळी असते. तेव्हा दोघा-तिघांचे फोन नंबर घे, आणि घेतलेस तर लाव. प्यायच्या आधी लाव, नंतर नाही. जुने लोक सांगतात सुरुवातीला नव्वद दिवसात नव्वद मीटिंगा कर, तुझ्या गावात आठवड्याला एक आहे तर ते जमणार नाही, म्हणून उरलेल्या दिवशी ऑनलाइन. आणि सहा वेळा जायच्या आधी "मला सूट होत नाही" असं ठरवायचं नाही, एवढं माझं ऐक. स्पॉन्सर (नव्याला वाट दाखवणारा जुना मेंबर) वगैरे नंतर, आत्ता त्याचा विचार नको.

ओपन मीटिंग असेल तर बायको बरोबर येऊ शकते, क्लोज्ड असेल तर फक्त पिणाऱ्यांसाठी. तिच्यासाठी वेगळं अल-अनॉन असतं, घरच्यांचं. मी तिथेच बसायचे, शेजारच्या वर्गात. पहिल्या दिवशी मला वाटलं नवऱ्याची कशी सोडवायची ते शिकवतील, आणि त्या बायका स्वतःच्या रक्तदाबाबद्दल आणि गाण्याच्या क्लासबद्दल बोलत होत्या, इतका राग आला मला. सहा महिन्यांनी कळलं. तिला म्हणावं, पुडीपेक्षा हे बरं. मुक्तांगणमधे बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, तेही बघा.

मुलीशी काय बोलायचं ते तू विचारलं नाहीस. मी सांगतेही नाही, एवढंच की तिला वचन देऊ नकोस. तो जग आणि वाटी उद्या आली तर म्हण आज नको, आत ठेव. पिणार असलास तर स्वतः उठून आण.

आमचे हे आत मॅच बघतायत, त्यांना विचारूनच त्यांच्याबद्दल लिहिलंय (आणि म्हणूनच या सदरावर माझं नाव नसतं). तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. मुलीचं आलं तेव्हा टीव्ही म्यूट केला, काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्याला सांग मीटिंग सातची असली तरी साडेसहाला जा. कुणीतरी एकटा सतरंजी झटकत असतो, चहाचं बघत असतो, त्याला हात लागतोच, आणि हातात काम असलं की कुठे बघायचं हा प्रश्न येत नाही. आणि गाडी रस्त्यावर लावू नको म्हणाले, शाळेच्या आत, भिंतीकडे तोंड करून लाव. बाहेर लावली की पळता येतं.